औषधाला दाद न देणारे जिवाणू: कोंबडीपासून माणसापर्यंत

कोंबडीच्या मांसाच्या नमुन्यांत अनेक अँटिबायोटिकांना दाद न देणारे जिवाणू सापडले, अशी बातमी अधूनमधून येते. दोन दिवस चर्चा होते. कुणी म्हणतं, आजपासून चिकन बंद. कुणी म्हणतं, इतकी वर्षं खातोय, काय झालं? या गदारोळात बातमीत नेमकं काय म्हटलंय ते बाजूलाच राहतं. यात वाचकाचा दोष नाही. ‘कोंबडी’, ‘अँटिबायोटिक’ आणि ‘धोका’ हे शब्द एका मथळ्यात आले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: कोंबडीला औषध दिलं, ते मांसात उरलं, ते आपल्या पोटात गेलं. प्रत्यक्षात घडतं ते याहून वेगळं आहे. ते एकदा नीट समजलं की चिकन न खाणाऱ्यांनीही ही बातमी का वाचावी, हे लक्षात येतं.

सवय शरीराला होत नाही, जिवाणूंना होते

अँटिबायोटिक म्हणजे जिवाणूंना मारणारं किंवा त्यांची वाढ रोखणारं औषध. सर्दी-फ्लूच्या विषाणूंवर त्याचा काहीही उपयोग नसतो. ‘फार अँटिबायोटिक घेतली, आता अंगाला लागू पडत नाहीत’ असं आपण सहज बोलून जातो, पण अंगाला अशी सवय लागत नाही. बदलतो तो जिवाणू. त्याच्यात काहीतरी असं घडतं की ते औषध त्याला मारू शकत नाही. एखादा जिवाणू औषध फोडून टाकणारा पदार्थ तयार करतो, एखादा औषध आत शिरताच बाहेर उपसून टाकतो, एखाद्याच्या शरीरातली औषध जिथे चिकटायचं ती जागाच बदललेली असते. यालाच प्रतिरोध म्हणतात. म्हणजे प्रतिरोध हा जिवाणूचा गुण आहे. तो कोंबडीचा नाही आणि तुमचा-माझाही नाही.

म्हणून बातमी वाचताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पहिली, मांसात उरलेला औषधाचा अंश. दुसरी, मांसावर असलेले प्रतिरोधी जिवाणू. पहिल्यासाठी उपाय ठरलेला आहे. औषध दिल्यावर ठरावीक दिवस जाऊ द्यायचे, पक्ष्याच्या शरीरातून ते बाहेर पडू द्यायचं आणि मगच तो कापायला पाठवायचा. हे दिवस पाळले तर अंश मर्यादेखाली येतो. पण तो अंश शून्यावर आला तरी त्या औषधाने मागे ठेवलेले जिवाणू शून्यावर येत नाहीत. उरलेलं औषध दिवसागणिक कमी होत जातं, जिवाणू मात्र वाढत जातात. सगळं मनासारखं असेल तर ई. कोलाय हा जिवाणू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबाने एकाचे ६ तासांत अडीच लाखांहून जास्त होतात.

कोंबडीला अँटिबायोटिक देतात तरी कशाला?

कारणं तीन, आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक, आजारी पक्ष्यांवर उपचार. दोन, आजार येऊ नये म्हणून निरोगी पक्ष्यांना आधीच दिलेला डोस. तीन, वजन लवकर भरावं म्हणून रोजच्या खाद्यात मिसळलेली थोडी मात्रा.

तिसरं कारण ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. त्यामागची गोष्ट अशी. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या लेडरली या औषध कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे शास्त्रज्ञ कोंबड्यांच्या खाद्यासाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. त्यासाठी त्यांनी ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवताना मागे राहणारा चोथा पिल्लांना खाऊ घातला. पिल्लं अपेक्षेपेक्षा जास्त भराभर वाढली. ते श्रेय एकट्या जीवनसत्त्वाचं नव्हतं, चोथ्यात उरलेल्या अँटिबायोटिकाचं होतं. १९५० मध्ये हे जाहीर झालं आणि खाद्यात अँटिबायोटिक मिसळण्याची पद्धत जगभर पसरली.

दुसऱ्या कारणामागे शेडची रचना आहे. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत विक्रीला तयार होते. एका शेडमध्ये हजारो पक्षी एकाच गादीवर, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या भुशाच्या थरावर, वाढतात. त्यांतल्या एकाला जुलाब लागले तर त्याला वेगळं काढून गोळी देणं शक्य नसतं. औषध पाण्यात किंवा खाद्यात घालून सगळ्यांनाच द्यावं लागतं. दहा पक्षी आजारी असले तरी औषध दहा हजारांच्या पोटात जातं.

थोडं औषध जास्त नडतं

कोंबडीच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. त्या गर्दीत एखाद-दुसरा जन्मतःच असा निघतो की त्याला अमुक एक औषध बाधत नाही. एरवी त्याचं काही चालत नाही, कारण जागा आणि अन्न बाकीच्यांनी व्यापलेलं असतं.

शेतातल्या तणाचा विचार करा. तणनाशक फवारलं आणि सगळं तण जळालं, फक्त एक रोप वाचलं. आता त्या रोपाला ऊन, पाणी, माती सगळं एकट्याला मिळतं. त्याचंच बी पडतं. पुढच्या हंगामात तेच फवारलं तर निम्मं तण हलत नाही, त्याच्या पुढच्या हंगामात कदाचित काहीच हलत नाही. तणनाशकाने नवं तण निर्माण केलं नाही. आधीपासून असलेल्या चिवट रोपाला त्याने रान मोकळं करून दिलं.

कमी मात्रेत, पण रोज दिलेलं औषध नेमकं हेच काम करतं. त्याने जिवाणूंचा पुरता नायनाट होत नाही, आणि अर्धवट चिवट असलेल्यांनाही तग धरून आणखी चिवट व्हायला वेळ मिळतो. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मधल्या नोबेल व्याख्यानातच हा इशारा दिला होता: अपुऱ्या मात्रेला सामोरे गेलेले जंतू औषधाला सरावतात. कोंबडीच्या खाद्यात अपुरी मात्रा घालणं हीच रीत व्हायला त्यानंतर फार वर्षं लागली नाहीत.

वर्गात फिरणारी चिठ्ठी

इथवरची गोष्ट वारशाची झाली. चिवट जिवाणूची पिल्लावळ चिवट निघते. पण जिवाणूंकडे आणखी एक युक्ती आहे, आणि मला विचाराल तर या विषयातली सर्वांत काळजीची बाब हीच आहे.

जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्यात डीएनएचे छोटे गोल तुकडे असू शकतात. त्यांना प्लास्मिड म्हणतात. परीक्षेच्या वर्गात उत्तरांची चिठ्ठी फिरावी तसं प्लास्मिड एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातं. देणाऱ्याकडे मूळ प्रत राहते, घेणाऱ्याला नक्कल मिळते. दोघं एकाच जातीचे असायला हवेत असंही नाही. कोंबडीच्या पोटातला निरुपद्रवी ई. कोलाय ही चिठ्ठी रोग करणाऱ्या साल्मोनेलाच्या हातात देऊ शकतो. त्यातच एका चिठ्ठीवर चार-पाच औषधांची उत्तरं असू शकतात. मग त्यांतलं एकच औषध वापरलं तरी पाचही औषधांचा प्रतिरोध टिकून राहतो.

कोलिस्टिनचं उदाहरण घ्या. हे जुनं औषध. किडनीवर वाईट परिणाम होतो म्हणून डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं होतं. पुढे नवी औषधं एकेक करून निकामी होऊ लागली, तेव्हा अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून ते पुन्हा बाहेर काढावं लागलं. मधल्या काळात अनेक देशांत ते डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातच होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी जाहीर केलं की कोलिस्टिनचा प्रतिरोध प्लास्मिडवर बसून फिरतो आहे. त्या जनुकाला एमसीआर-१ हे नाव मिळालं. इतर देशांनी साठवून ठेवलेले आपापले नमुने तपासले, तेव्हा ते जनुक अनेक खंडांत आधीच पोचलेलं होतं. चीनमध्ये तर १९८० च्या दशकातल्या कोंबड्यांच्या नमुन्यांतही ते सापडलं. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी कोलिस्टिन देणं थांबवलं. भारताने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली.

पक्ष्यातून माणसात कसं येतं?

हा प्रश्न स्टुअर्ट लेव्ही या अमेरिकी संशोधकाने प्रयोग करूनच सोडवला. १९७६ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. बॉस्टनजवळच्या एका फार्मवर त्यांनी काही कोंबड्यांना टेट्रासायक्लिन गटातलं औषध मिसळलेलं खाद्य दिलं. आठवडाभरात त्या कोंबड्यांच्या आतड्यांत जवळजवळ सगळे टेट्रासायक्लिनला दाद न देणारे जिवाणू होते. इथपर्यंत अपेक्षितच. मग हळूहळू फार्मवर राहणाऱ्या माणसांच्या पोटातही तसे जिवाणू वाढू लागले. पाच-सहा महिन्यांत त्यांच्या विष्ठेच्या ३१.३ टक्के नमुन्यांत ८० टक्क्यांहून जास्त जिवाणू प्रतिरोधी होते. शेजाऱ्यांच्या नमुन्यांत हेच प्रमाण ६.८ टक्के होतं. शिवाय ते जिवाणू इतर औषधांनाही दाद देईनासे झाले होते आणि हा गुण फिरत्या प्लास्मिडवर होता. पक्ष्यांची देखभाल करताना हाताला, कपड्याला, धुळीला जे लागतं, त्यातूनच हे सगळं घडलं. ही झाली पहिली वाट.

दुसरी वाट कत्तलखान्यातून जाते. पिसं काढताना आणि आतडी बाहेर काढताना आतलं थोडंफार कातडीवर पसरतं. एका पक्ष्याचं यंत्राला लागतं, यंत्राचं पुढच्या पक्ष्यांना. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू इथे हटकून भेटतो. त्याला साधारण ४२ अंश सेल्सियस तापमान मानवतं आणि कोंबडीच्या शरीराचं तापमान जवळपास तेवढंच असतं. कोंबडीत तो आनंदाने राहतो, ती सहसा आजारी दिसतही नाही. माणसाला मात्र त्याने ताप आणि जुलाब होतात.

तिसरी वाट कोंबडखताची, आणि मांस न खाणाऱ्यांपर्यंत पोचणारी हीच. दिलेल्या औषधाचा बराच भाग न बदलता विष्ठेतून बाहेर पडतो, सोबत जिवाणूही. खत नीट न कुजवता शेतात टाकलं की दोन्ही मातीत जातात. तिथून पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात, विहिरीत, पालेभाजीच्या पानावर.

‘नीट शिजवलं की मरतात ना?’

मरतात. प्रतिरोधी जिवाणू उष्णतेला इतरांपेक्षा चिवट नसतात. मांसाचा सर्वांत जाड भाग आतून ७४ अंश सेल्सियसला पोचला की ते संपतात. पूर्ण शिजवलेलं चिकन खाऊन प्रतिरोधी जंतुसंसर्ग होण्याची भीती बाळगायचं कारण नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

अडचण शिजण्याआधीच्या अर्ध्या तासात आहे. कच्च्या मांसाचं पाणी ओट्यावर सांडतं. तीच सुरी, तीच चिरायची फळी कोशिंबिरीच्या काकडीला लागते. नळाखाली मांस धुतल्याने जिवाणू जात नाहीत, ते तुषारांबरोबर आजूबाजूच्या भांड्यांवर उडतात. म्हणून धुऊ नये. धुवायचेच तर आपले हात धुवावेत, साबणाने. कच्चं मांस फ्रीजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवावं, म्हणजे ते गळलं तरी इतर पदार्थांवर पडणार नाही. अमेरिकेत २०१३-१४ मध्ये कोंबडीच्या मांसातून साल्मोनेलाची साथ पसरली. ६३४ जणांची नोंद झाली आणि त्यांतल्या ३८ टक्के लोकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. त्या जिवाणूच्या अनेक वाणांना एकाहून जास्त औषधांचा प्रतिरोध होता.

आणि स्वयंपाकघर कितीही काटेकोर असलं तरी त्याने फक्त एक वाट बंद होते. शेडमध्ये राबणाऱ्या माणसाच्या हातांवर किंवा ओढ्याच्या पाण्यावर त्याचा काही परिणाम होत नाही.

‘जुलाब होतील, दोन दिवसांत बरे होतील’

बहुतेकांच्या बाबतीत हे खरंच आहे. साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब बहुतांशी अँटिबायोटिकांशिवाय बरे होतात. पण तान्हं बाळ, म्हातारं माणूस, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण यांच्यात जिवाणू आतड्यातून रक्तात उतरू शकतो. तेव्हा योग्य औषध वेळेत लागू पडणं हाच जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. डॉक्टर पहिलं औषध देतात, दोन दिवस वाट पाहतात, ताप उतरत नाही, दुसरं देतात. हे दोन दिवस परत मिळत नाहीत.

शिवाय काही वेळा प्रतिरोधी जिवाणू लगेच काहीच करत नाही. तो आतड्यात निमूट राहतो आणि आपली चिठ्ठी तिथल्या इतरांना वाटतो. महिन्यांनंतर मूत्रमार्गाचा संसर्ग होतो किंवा शस्त्रक्रियेची जखम चिघळते, तेव्हा ती चिठ्ठी उपयोगात येते. तोपर्यंत तिचं मूळ कुठलं, हे रुग्णाला किंवा डॉक्टरांना कळण्याची सोय राहिलेली नसते.

‘कोंबड्यांची औषधं वेगळी, माणसांची वेगळी’

नावं वेगळी असतात, घराणं एकच असतं. कोंबड्यांना पाण्यातून दिलं जाणारं एन्रोफ्लॉक्सासिन आणि माणसांना देतात ते सिप्रोफ्लॉक्सासिन ही सख्खी भावंडं आहेत. पहिल्याचा काही भाग तर शरीरात गेल्यावर दुसऱ्यातच बदलतो. नेदरलँड्समध्ये १९८७ च्या सुमाराला एन्रोफ्लॉक्सासिन प्राण्यांसाठी वापरात आलं. तिथे १९८२ ते १९८९ या काळात या गटाला दाद न देणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरचं प्रमाण कोंबडीच्या मांसात शून्यावरून १४ टक्क्यांवर आणि माणसांत शून्यावरून ११ टक्क्यांवर गेलं. अमेरिकेने १९९५ मध्ये कोंबड्यांसाठी या गटाला परवानगी दिली, २००० मध्ये ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला आणि २००५ मध्ये बंदी आणली. एकदा दिलेली परवानगी मागे घ्यायला किती वेळ लागतो, हे यातून दिसतं.

युरोपात ॲव्होपार्सिन नावाचं औषध खाद्यात मिसळत. ते माणसांना कधीच देत नसत, म्हणून निर्धोक मानलं गेलं. पण त्याची घडण व्हँकोमायसिनसारखी आहे, आणि व्हँकोमायसिन हे रुग्णालयातलं राखीव शस्त्र. एकाला सरावलेले एन्टेरोकॉकस जिवाणू दुसऱ्यालाही जुमानेनासे झाले.

‘दोष माणसांच्या औषधांचा, कोंबडीला कशाला धरता?’

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो अर्धा खरा आहे. २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज प्रसिद्ध आहे. हे सगळे कोंबडीच्या माथी मारणं चूक ठरेल. रुग्णालयात पसरणारे बरेचसे प्रतिरोधी जिवाणू माणसांच्याच औषधांनी घडवलेले आहेत. अमेरिकेचंच पाहा. तिथे ॲव्होपार्सिनला कधी परवानगीच नव्हती, तरीही व्हँकोमायसिनला न जुमानणाऱ्या जिवाणूंनी तिथली रुग्णालयं जेरीला आणली, कारण रुग्णांना ते औषध भरपूर दिलं जात होतं.

म्हणून गरज नसताना सर्दीला अँटिबायोटिक घेणाऱ्याचा दोष कोंबडीमुळे कमी होत नाही. पण साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे मुख्यतः प्राण्यांतूनच येतात, तिथे कोंबडीची जबाबदारी टाळता येत नाही. आणि जगभर विकल्या जाणाऱ्या जंतुनाशक औषधांपैकी सुमारे ७३ टक्के खाद्यप्राण्यांसाठी वापरली जातात, असा संशोधकांचा अंदाज आहे. एवढा मोठा वापर हिशेबाबाहेर ठेवून रुग्णालयांपुरतीच शिस्त लावली तर गळती चालूच राहील.

‘बिनाऔषधाची’ असं लिहिलेलं घेतलं तर?

त्या पाटीचा अर्थ एवढाच की पाळताना औषध दिलेलं नाही. त्यावर प्रतिरोधी जिवाणू नाहीतच, असा नाही. ते पिल्लांबरोबर, पाण्यातून किंवा कत्तलखान्याच्या यंत्रावरून येऊ शकतात. अशा मांसात त्यांचं प्रमाण साधारणपणे कमी आढळतं, पण हाताळताना काळजी तीच घ्यायची.

‘औषध बंद केलं तर मरतुक वाढेल’

ही भीती पोटापाण्याची आहे, तिला झटकून टाकू नये. पक्षी पाळणाऱ्यासाठी औषध म्हणजे स्वस्तातला विमा. एका बॅचमध्ये मरतुक वाढली तर त्याची वर्षाची कमाई जाते. त्याला नुसतं ‘बंद करा’ सांगून भागत नाही.

पण आजारी पक्ष्यावर उपचार करू नका, असं कुणी शहाणा माणूस म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सांगितलं ते निरोगी प्राण्यांबद्दल: माणसांसाठी महत्त्वाची अँटिबायोटिकं त्यांना वाढीसाठी किंवा सरसकट प्रतिबंधासाठी देऊ नका. त्याऐवजी लसीकरण, निरोगी पिल्लं, कोरडी गादी, खेळती हवा, कमी दाटी, दोन बॅचमध्ये शेड रिकामी ठेवून साफ करणं, आणि औषध देण्याआधी तपासणी. यातलं काहीच नवं नाही. याला पैसा आणि श्रम जास्त लागतात, आणि तो भार एकट्या पाळणाऱ्यावर टाकला तर तो पुन्हा औषधाकडेच वळेल.

डेन्मार्कने हे करून दाखवलं आहे. तिथे १९९५ मध्ये ॲव्होपार्सिन बंद झालं. त्या वर्षी ब्रॉयलरमधल्या एन्टेरोकॉकस फीशियम या जिवाणूच्या ७२.७ टक्के नमुन्यांत व्हँकोमायसिन गटाचा प्रतिरोध होता, २००० मध्ये तो ५.८ टक्क्यांवर आला. १९९८ मध्ये तिथल्या कोंबडी उत्पादकांनी वाढीसाठीची सगळीच अँटिबायोटिकं आपणहून सोडली, तरी धंदा बसला नाही. १ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघाने अशा वापरावर सरसकट बंदी आणली.

कॅनडातल्या क्युबेकची गोष्ट मला त्याहून बोलकी वाटते. तिथे उबवणी केंद्रांत सेफ्टिओफर हे अँटिबायोटिक प्रतिबंध म्हणून टोचत. कोंबडीच्या मांसात सापडणाऱ्या हायडेलबर्ग जातीच्या साल्मोनेलापैकी ६२ टक्के त्याला दाद देत नव्हते, आणि त्याच प्रकारच्या संसर्गाचे रुग्णही वाढत होते. २००५ मध्ये उबवणी केंद्रांनी स्वतःहून ते थांबवलं. प्रमाण ७ टक्क्यांवर आलं, माणसांतला प्रतिरोधही घटला. मग २००७ च्या सुमाराला थोडा वापर पुन्हा सुरू झाला आणि आकडा चढून २० टक्क्यांवर गेला. शेवटी २०१४ मध्ये कॅनडातल्या कोंबडी उत्पादकांनी माणसांसाठी सर्वांत महत्त्वाच्या गटातली अँटिबायोटिकं प्रतिबंधासाठी वापरणं देशभर बंद केलं.